राधाबाईच्या पोतीतला खरा मणी

“हॅलो?… कोण, दुर्गा? बोल गं, मावशीच बोलतेय.”

दुर्गाचं लग्न झालं त्याच वर्षी गिरण्यांचा संप लागला. त्यानंतर तीन वर्षांनी प्रभादेवीच्या वाण्याच्या दुकानात सुभद्रा फोनला कान लावून उभी होती. पलीकडे लालबागहून तिची भाची, बहीण राधाबाईची लेक.

“डॉक्टर काय म्हणाले?… आजचाच दिवस?… हं.

रडू नकोस. गंगाजल आहे? तुळस?… आणि सोनं?… अगं, तोंडात ठेवायला मणी लागतो ना.

पोत आहे, पण ती सगळी पितळेची. संपात आम्ही दोघी बहिणींनी मिळूनच विकलं. फक्त एकेक मणी खरा ठेवला, पोत अगदीच खोटी नको म्हणून… हळू बोल! तुझ्या अप्पांना ठाऊक नाही, ते अजून सोनंच समजतात.

काढलीस गळ्यातून? आता डाव्या वाटीला लागून जो मणी आहे तो बघ… चावू नकोस, बाई! आत लाख असते, फुटेल… नाही, वजनावरही जाऊ नकोस.

भोकापाशी बघ. दोरा घासतो तिथला मुलामा उडतो… काळपट दिसतंय?… नीट बघ, उजेडात जा.

बरं, तळव्यावर घासून वास घे. सोन्याला वास नसतो… येतोय? पैशांसारखा?… दुसरा घास. तिसरा… सगळ्यांना?

हो हो शेठ, सोडते फोन. बहीण अत्यवस्थ आहे माझी… एकच मिनिट.

ऐकतेय गं… तोही विकला म्हणायचा. कधी विकलान्, मलासुद्धा नाही बोलली. मानेवर हिरवा डाग दिसायचा, विचारलं तर म्हणायची घामाने पडलाय.

काय?… पितळेचाच ठेवू म्हणतेस, कोणाला कळणार आहे? नाही दुर्गा. एवढी वर्षं खोटं घालून मिरवली, तोंडात तरी खरं जाऊ दे.

मी आणते. माझ्या पोतीतला… हो, आहेत ना तुझे काका, खाटेवर पडून बिडी ओढतायत. त्यांना काय होतंय?… अगं ऐक ना. दोरा तुटू नाही देत, सोडवते. तुझ्या आईच्या पोतीतला एक घालते त्या जागी. दुकानातून सुईदोरा घेऊनच निघते.

तू नुसतं पाणी घाल चमच्याने… डोळे उघडले? तिला सांग, सुबी येतेय… सांगितलंस? काय म्हणाली?… हॅलो?… दुर्गा?… हॅलो…”

फोन कट झाला होता.

सुभद्राने मणी ओठांत ठेवला तेव्हा राधाबाईत अजून धुगधुगी होती. अप्पा म्हणाले, “हिच्या पोतीतला काढलात होय? बरं केलंत.”

दिवेलागणीला राधाबाई गेली. श्रावणातला शुक्रवार होता, साल एकोणीसशे पंच्याऐंशी.