आणखी कुणी ओढत होतं का

— राहू द्या हो बूट, बाई, लादी काल लोकांनी तुडवलीच आहे — माझ्या केलनला पुरून आल्यावर अख्खं चर्च इथे लोटलं होतं. कॉफी घ्या. ते बटाट्याचं भाजलेलंही घ्या, सात भांडी आलीत, माणूस मेलं की या बायकांना दुसरं काही सुचत नाही. तर तुम्ही काउंटीच्या आरोग्य खात्यातल्या, आणि हा तुमचा फॉर्म. पेशंट बोलू शकत नसेल तर घरच्यांनी उत्तरं द्यायची, असंच ना? विचारा. केलन डाल्बी, वय अठरा, अख्ख्या विस्कॉन्सिनात त्याच्या वजनगटात दुसरा आलेला — कुस्तीत हो! — त्याला रकाना नाही? नसेलच. तुमच्या कागदात फुप्फुसांना जागा आहे, माझ्या पोराला नाही.

व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट, ओढायचा का? ओढायचा. झालं समाधान? आता सांगायला माझ्या बापाचं काय जातं! शिकागोहून कुणीतरी गांजाच्या तेलाच्या नळ्या आणायचा, त्या हा व्हेपला लावायचा. मला जूनपासून ठाऊक होतं, त्याच्या ट्रकमध्ये सापडल्या होत्या. उरलेल्या? तळ्यात फेकल्या. तपासणीला हव्यात म्हणे — मग घ्या बोट आणि मारा बुडी.

डॉक्टरांना काय सांगितलं? हेही विचारायचं असतं का? ओढत नाही म्हणून सांगितलं. तीनदा विचारलं त्यांनी, तीनदा मी नाही म्हटलं. केलनच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तो नुसता माझ्याकडे बघत होता — सांग म्हणून बघत होता की सांगू नको म्हणून, देव जाणे. अहो, कॉलेजची शिष्यवृत्ती मिळालेली! वीस दिवसांत जायचा होता. आणि तिथली नर्स म्हणजे कोचची वहिनी, संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं. टीव्हीवर त्याच आठवड्यात सांगत होते, व्हेप ओढून पोरांना असं होतंय म्हणून — मी बंद केला टीव्ही. न्यूमोनिया समजून पाच दिवस अँटिबायोटिक चाललं. सहाव्या दिवशी मीच सांगितलं. मग स्टेरॉइड दिलं. उशीर झाला म्हणाले. हळूच म्हणाले, पण म्हणाले.

पुढे? त्याच नळीतून आणखी कुणी ओढत होतं का? नाही. कुणी नाही. लिहा, नाही — त्याची ती पोरगी काल दारात आली होती, तिला काय, रडून रडून झालं असेल तसं. भर ऑगस्टात स्वेटर घालून कुडकुडत होती. दोन पायऱ्या चढली नि दम लागला, शब्द फुटेना, खोकतेय नुसती. मी म्हटलं, घरी जा, मध घालून गरम पाणी पी, झोप काढ. तशी नाजूकच आहे ती. दोन वर्षं त्याच्या ट्रकमध्ये शेजारी बसायची, एकाच नळीला दोघांची तोंडं —

पेन का थांबलं? लिहा ना. नाव? मला नाही माहीत. हो, दोन वर्षं याच टेबलावर जेवली, तरी नाही माहीत! आवाज चढवू नका, हे माझं घर आहे. दिवस किती हातात असतात ते मला नका शिकवू, मी मोजलेत ते.

आणि समजा सांगितलं. तुम्ही धावाल, उचलून न्याल तिला, पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगाल, पहिल्याच दिवशी स्टेरॉइड — आणि ती बरी झाली तर? आपल्या पायांनी चालत घरी आली तर? नाताळात दुकानात समोर येईल माझ्या, गालांवर लाली घेऊन. अख्खं गाव बघेल, खरं सांगितलं की पोर वाचतं म्हणून. मग माझ्या केलनला कुणी मारलं?

बघताय काय अशा? असं काही म्हटलं नाही मी. कॉफी राहू द्या, उठा. कुणी नाही, लिहिलंत ना? आणा इकडे, सही करते. आता निघा.