खंडेनवमीचे सात टाके

...आणि टाके घालता घालता डॉक्टर मला विचारतो, "कोहळ्यानं?" हो बाबा, कोहळ्यानं! चाळीस वर्षं चेन्नईत गुन्हेगारीच्या बातम्या दिल्या, जॉर्ज टाउनच्या गोदामांतल्या मारामाऱ्या दोन हातांवरून पाहिल्या, अंगावर ओरखडा नाही. आणि आज तांबरमला, स्वतःच्या घरात, भरदुपारी, सात टाके!

तुम्हाला सांगतो, मूळ सगळं आमच्या चिरंजीवांत. अद्वय, सॉफ्टवेअर इंजिनिअर. काल संध्याकाळी, सुट्टीसाठी अख्खं ऑफिस घरी पळत असताना, याला सुचलं की प्रोग्राममधली एक ओळ सुधारावी. एकच ओळ. मी म्हटलं, अरे, चालत्या गोष्टीला हात कशाला? तर म्हणे, बाबा, तुम्हाला नाही कळायचं. खरंय. मला फक्त खून कळतात.

आज आपली खंडेनवमी, इथली आयुधपूजा. सून लावण्या तंजावरच्या मराठी घरातली. तिची आई सीतालक्ष्मीबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, नवरात्राला आलेल्या. त्यांचा नियम साधा. ज्या हत्यारावर पोट चालतं ते पाटावर मांडायचं, चंदन-कुंकू लावायचं, आणि उद्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. विळी, कोयता, हातोडी, माझं पेन... आणि सासूवर छाप पाडायला जावयानं आपल्या हातानं ठेवलेला कंपनीचा लॅपटॉप. वर लिंबू!

बारा वाजता साहेबाचा फोन, हरिप्रसादचा. यांची कंपनी औषधं घरपोच करते, आणि त्या सुधारलेल्या ओळीमुळे अख्ख्या शहराचं इन्सुलिन ओरगडमच्या एका ट्रक कारखान्याच्या फाटकाशी जमा होत होतं. अर्ध्या तासात निस्तर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. आणि निस्तरणार कशावर? त्याच लॅपटॉपवर, दुसऱ्यावर कंपनीचं दार उघडत नाही!

अद्वयनं लॅपटॉप धरला. विहीणबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"वेंडाम, जावईबापू. नको. उद्यां."

"उद्या नोकरी नसेल हो!"

यानं हिसका दिला, बांगड्या फुटल्या. विहीणबाई त्याच्या दंडाला चावल्या... अहो, चावल्या, दातांचे ठसे मोजलेत मी, सवय आहे. लावण्या आईच्या कमरेला मिठी मारून "अम्मा, विडू, सोड!" म्हणत मागे खेचतेय, नवरा पुढे खेचतोय, पाट उलटला, कोयता माझ्या पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर रुतला, आणि मी, चाळीस वर्षं गुन्हेगारीच्या बातम्या दिलेला मूर्ख, मध्ये पडलो. पत्रकारानं कधी मध्ये पडावं का? नवशिक्यांना पहिला धडा हाच द्यायचो मी!

दृष्ट काढून दारात फोडायला कुंकू भरलेला कोहळा कोपऱ्यात होता. विहीणबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि जावयावर फेकला. जावई वाकला. साहेबासमोर वाकायची दहा वर्षांची सवय, ती अशी कामाला आली. कोहळा माझ्या डोक्यावर फुटला.

शेजारचे रामस्वामी आवाज ऐकून डोकावले. मी जमिनीवर, तोंड लालभडक, बाजूला कोयता. त्यांनी हात जोडले आणि हळूच दार ओढून घेतलं.

तेवढ्यात अद्वय लॅपटॉप घेऊन न्हाणीघरात घुसला. आतून कडी. बापाचं डोकं फुटलंय, आणि हा नळाखाली बसून बटणं दाबतोय! विहीणबाईंनी रिकामा पाट उचलून दारावर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कडी उखडली. आत हा घामानं निथळत हसत होता. इन्सुलिनच्या व्हॅनी वळल्या होत्या, नोकरी वाचली होती.

"केलंस काय?" त्यांनी विचारलं.

"काल लिहिलेली ओळ पुसली. बाकी कशालाच हात लावला नाही."

विहीणबाई पाटावर टेकल्या. "मग मी मघापासून दुसरं काय सांगत होत्यें?"

आता हरिप्रसादनं फतवा काढलाय म्हणे, सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रोग्रामला कुणी शिवायचं नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं, नोकरीची दहा, आणि शहाणपण आलं कोहळ्यातून. तेही माझ्या डोक्यावरून!

मी घरी येताच ठरवलं, हे छापायचंच. नावांसकट. पाटाकडे वळलो. पाट सरळ झाला होता, लॅपटॉपवर ताजं लिंबू होतं, शेजारी माझं पेन. हात पुढे केला. विहीणबाईंनी नुसतं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे दुसरा कोहळा होता.

चाळीस वर्षं गुन्हेगारीच्या बातम्या दिल्या हो... पण ही आज तोंडीच ऐका.