पंपाचं पाणी परत खाली

मानसी : अहो, पाण्यात हात नका घालू! आधी मेन बंद करा.

प्रवीण : केलाय बंद. किती टेन्शन घेतेस? पंप एकदम ओके आहे.

मानसी : ओके आहे, मग माझ्या शिलाई मशिनींच्या पायाशी पाणी कसलं?

प्रवीण : फ्लोट अडकलाय. पाणी चढलं की हा गोळा वर तरंगतो, तेव्हा पंप सुरू होतो. तुझ्या चिंध्या गुंडाळल्यात त्याला.

मानसी : माझ्या चिंध्या! पंपाच्या खड्ड्यावर झाकण टाका म्हणून उन्हाळाभर सांगतेय. महाडचा प्लंबरही सांगून गेला, गाळ काढत जा. एकदा तरी काढलात?

राहीबाई (जिन्यावरून) : शिरला काय रे पाणी तळघरात? डोंगराचा पाझर हाय तो. पोलादपुरात कोणाला चुकलाय?

प्रवीण : आई, तू खाली येऊ नकोस, घसरशील. हां, सुटली चिंधी. मानसी, मेन लाव.

मानसी : लावला. उतरतंय पाणी.

प्रवीण : बघ! उगाच आरडाओरडा.

मानसी : थांबला की पंप.

प्रवीण : थांबणारच. खड्डा रिकामा झाला. सिस्टम आहे ती.

मानसी : मग ही खळखळ कसली? पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतंय! उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह बसवलात ना?

प्रवीण : बसवणार होतो.

मानसी : बसवणार होतात!

प्रवीण : पंप परत खेचेल ना ते... अरे यार, लाइट गेली!

मानसी : सांगा आता तुमच्या सिस्टमला.

राहीबाई : मशिनी वर घ्या रे.

मानसी : वर कुठे, आई? एकच खोली मोकळी, तिला मोठ्या भाऊजींचं कुलूप.

प्रवीण : दादाला न विचारता नको. गणपतीला आला की राहणार कुठे?

मानसी : ते गणपतीपुरते येतात. बाकी वर्षभर ती खोली कोरडी आणि आम्ही ओलीत. काल शिवताना चंपाबाईंना मशिनीचा विजेचा झटका बसला. कापडे गावाहून कामाला येतात बिचाऱ्या माझ्या भरवशावर. हसून म्हणाल्या, काय नाय ताई. मला मात्र जेवण गेलं नाही.

प्रवीण : मला नाही सांगितलंस.

मानसी : सांगितलं. तुम्ही पंपाचा व्हिडिओ बघत होतात.

राहीबाई : प्रवीण, माझ्या उशीखाली चावी हाय. जा, खोली उघड.

प्रवीण : आई, दादा चिडेल.

राहीबाई : चिडू दे. सोमाला मी फोन करते. तो माझा पोर हाय, तसा ही पण माझीच हाय. मानसी, ते गणवेशाचे गठ्ठे दे गो माझ्याकडे.

मानसी : जड आहेत, आई.

राहीबाई : भाताच्या पेंढ्या वाहिल्यात मी. दे.

प्रवीण : उघडली खोली. मानसी... चंपाबाई बऱ्या आहेत ना आता?

मानसी : बऱ्या आहेत. धरा तिकडून.