गोठ्यातली ऊब

माझं गाव गारगोटीपास्नं वर, डोंगराच्या अंगाला. नाव तुकाराम, पर सगळी ड्रायव्हर म्हणूनच वळखत्यात. गाडी मी जोतीमामाकडं शिकलो, वडापची जीप हुती त्याची, गारगोटी ते कोल्हापूर, बारा माणसं आत आन् चार मागं लोंबकाळत. डिझेलची गाडी, थंडीत धा धा मिनटं नुसती घरघर. मी पयल्या दिवशी चालू केली तशी हाकली, तर मामानं पाठीत बुक्की घातली, म्हणाला, झोपंतनं उठलेल्या माणसाला लगीच पळ म्हणतोस व्हय रं, आधी इंजान तापू दे. ते जे डोक्यात बसलं ते बसलंच. तीस वर्सं मी गाडी तापीवल्याबिगर हाकली न्हाय. घमेंड हुती मला त्याची, खोटं कशाला बोलू.

पुढं जीप मोडीत गेली आन् मी पेट्रोलवरची जुनी व्हॅन घेतली, बाजारची भाडी माराय. मेस्त्री म्हणाला, हिला तापवत बसू नका, चालू करायची आन् हळूहळू निघायचं. मी हसलो त्याला. मालकीण माझी, शालन, दोन म्हशी हुत्या तिच्या, डेअरीला दूध घालायची. गाडीवर दव नको म्हणून गोठ्यालाच पत्रा वाढवून घेतला, शटर बसीवलं, एका अंगाला म्हशी आन् एका अंगाला गाडी.

गेल्या हिवाळ्यात थोरली म्हस व्याली. रेडकू कुडकुडायचं, म्हणून मी भिंतीची सगळी भोकं गोणपाटानं बुजवली. आन् पहाटं शालन धारंला बसली की गाडी चालू करायचो, शटर खाली वढायचो. गाडी तापती आन् जनावरांनाबी तेवढीच ऊब, असं माझं डोकं. आपण घरात, अंघोळीला, चहाला. काय सांगू तुमाला, दोन कामं एका दमात हुत्यात म्हणून लई शाना समजायचो मी मला.

तिसऱ्या दिवशी शालन म्हणाली, डोकं लई दुखतंय वो, मळमळतंयबी. मी म्हटलं, थंडीचं असंल, कान बांध. डेअरीला जाऊन आली की बरी दिसायची, म्हणून मीबी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी रेडकू मरून पडलेलं. शेजारीण म्हणाली नजर लागली, तर मी दारावर लिंबू-मिरच्या बांधल्या, आन् म्हशी तरी गारठू नयेत म्हणून गाडी धाच्या जागी वीस मिनटं चालू ठेवाय लागलो. ऐकताय न्हवं? वीस मिनटं. धूर काय डोळ्याला दिसत न्हवता, मग भ्यायचं कशाला.

मग एका पहाटं मी चुलीपाशी बसलतो. शालन म्हशीशी बोलायची धार काढताना, इंजानाच्या वर आवाज चढवून, घरात सगळं ऐकू यायचं. त्या दिवशी नुसतं इंजान. मी हाक मारली, अगं झालं का. इंजान. परत मारली. मग मात्र मी तसाच गोठ्याकडं पळालो.

शटर वर केलं तर म्हशी दावं ताणून तोंड बाहेरच्या अंगाला करून उभ्या, दूध सांडलेलं, आन् शालन पेंडीच्या पोत्याला टेकून बसलेली. गाल लालभडक. मला वाटलं डुलकी लागली. वढत अंगणात आणली, तोंडावर पाणी मारलं, डोळं उघडंना. दुसरी गाडी कुठली आणू, त्याच गाडीत घातली, सगळ्या काचा खाली करून गारगोटी गाठली.

डॉक्टरीणबाईंनी इचारलं, बंद जागंत गाडी चालू ठेवलीती का? म्हणाल्या, गाडीच्या धुरातला ह्यो वायू दिसत न्हाय, वासबी येत न्हाय, आनखी पाच मिनटं गेली असती तर बाई हाताला लागली नसती. रेडकू कशानं गेलं ते तवा कळलं मला. तिथंच फरशीवर बसलो, रडलो.

वाचली ती. पर पयल्यासारखी न्हाय. चूल पेटवून इसरती, लेकीला फोन लावती आन् कशाला लावला ते आठवत न्हाय. हात थरथरत्यात, धार मीच काढतो. व्हॅन भाईर उघड्यावर असती. आता परत थंडी पडलीया. परवा पहाटं कोपऱ्यावरच्या घरात बंद शटरामागनं घरघर ऐकली, पळत जाऊन शटर वर केलं, तर त्यांनी मलाच शिव्या घातल्या, थंडी आत सोडली म्हणून. घालू देत.

शालनला वाटतंय ती पाय घसरून पडलीती. येईल त्याला तेच सांगती. एकदा न्हाय राहवलं, तिच्याम्होरं बसलो, म्हटलं, अगं, रेडकू म्या मारलं, तुलाबी मारत हुतो, शिव्या तरी दे मला. तर ती म्हणाली, कवा वो? मी सगळं सांगितलं, पयल्यापास्नं. रडली, माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाईला सांगत हुती, पाय घसरला माझा. आता न्हाय सांगत मी तिला. ती सुखात ऱ्हावू दे, पावणं. माफी मागायची ती कुणाकडं, तेवढं मला कळंना झालंय.