आत्याच्या घरची घड्याळं

दंतवैद्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वृद्ध घड्याळजी आणि त्यांची पुतणी नंबराची वाट पाहत बसली होती.

"काका, तुमच्या आत्याचे पणतू सापडले."

"ते कसे? आपल्या वंशावळीत मुली लिहिलेल्याच नाहीत."

"म्हणून तर तीन वर्षं लागली. जन्मनोंदी चाळून चष्मा लागला मला."

"आणि करतात काय? आमच्या चिरंजीवांसारख्या नोकऱ्याच ना?"

"घड्याळं दुरुस्त करतात. चौथी पिढी."

"म्हाताऱ्याची थट्टा करतेस?"

"हा दुकानाचा फोटो बघा. नवरा गेल्यावर आत्यानेच ते काढलं."

"पण तिला शिकवलं कोणी? आमचे आजोबा तिला हत्याराला हात लावू देत नसत."

"त्यांचा डबा घेऊन रोज दुकानात तीच जायची ना? ते जेवेपर्यंत बघत बसायची, असं पणतू सांगतात."

"नुसतं बघून शिकली? आणि मी गावभर सांगत सुटलोय, आपली विद्या माझ्याबरोबर संपली म्हणून."

"काका, आपला नंबर आला."

"मागच्यांना जाऊ दे पुढे."

"दात दुखतोय ना?"

"दुखू दे. आधी त्यांना फोन लाव. आणि मीच बोलणार. म्हणावं, तुमच्या पणजीच्या माहेराहून बोलतोय."