आड्यावरचा पहिला कवेलू

—नाही, नाही भाऊ, वर नोका चढू. मोजाचं त खालूनच मोजा, भिंतीभिंतीनं. टेपचं एक टोक मी धरतो. पन कवेलूवर पाय नोका ठेवू, मातीचे होत, फुटतेत. — हो न, आड्यापर्यंत गेल्याशिवाय टिनाची लांबी कळत नाही, मघापासून तेच सांगून राहिले तुमी, ऐकू येते मले. अश्विननं फोनवर सांगतलं असन का मायचं काही ऐकू नोका, जा, मोजा अन् टाकून द्या. त्याचं काय जाते? थो तिकडं पुन्यात किरायाच्या खोलीत, डोक्यावर दुसऱ्याचा संसार, त्याले काय मायती छत कशाले म्हनतेत. बसा. खाट सावलीत ओढा. च्या ठेवतो — नाही कसे पीत, आमगाववरून उन्हातानाचे आले, बिनच्याचे जातान का?

टिन काही वाईट नाही, मी कुठं वाईट म्हनून राहिली. सारा गाव टिनाचा झाला, काही स्लॅपचा झाला. एक आमीच राहिलो दर उन्हाळ्यात कवेलू फेरनारे — सारे काढा, फुटके फेका, कचरा झाडा, बांबूच्या सडलेल्या कमच्या बदला, मंग एकेक पुन्हा रचा. अन् पंधरा दिवसानं वांदरं येऊन नाचले का पुन्हा शिडी लावा. मीच म्हनाची अश्विनच्या बाबाले, टाका न एकदाचं टिन. थे म्हनाचे, टिनाखाली भाजून निघशीन. मी म्हनाची, चुलीपुढं त रोजच भाजतो, वरून आनखी थोडं. हासाचे थे. दात नव्हते समोरचे, तरी हासाचे. — काय सांगून राहिली होती मी? हं, टिन. टिन चांगलंच आहे.

काय? अंगनाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेले? थे कवेलू होत. नवेच आहेत, यंदाच आनले, चिचगडकडं एक कुंभार करते अजून, त्याच्याकडून ट्रॅक्टरनं बोलावले. — कायले म्हनजे? असेच. टिन टाकाचं त कवेलू कायले आनले, असं म्हनून राहिले तुमी? मानूस आनते एखांदी वस्तू. कोंबड्या बसतीन त्याच्यावर. तुमी च्या प्या, थंडा होते.

तुमी तिकडं त्या भिंतीकडं काऊन पाहून राहिले? तिकडं माजा दीर राहते, ईश्वरदास. हे घर एकच होय, भाऊ. गल्लीकडचा उतार आमचा, मागच्या बाडीकडचा उतार त्याचा, मंधात ही भिंत, अन् भिंतीच्या बरोबर वर आडा — दोन्ही उतारं जिथं मिळतेत न, थो. आडा दोघायचा. त्याले कशी वाटनी करान? बाकी साऱ्याची झाली. वावराची झाली, बैलाची झाली, अन् सासूच्या पितळेच्या गुंडावर येऊन अडली. मोठा गुंड, दोन बायायनं उचलाचा. हे म्हने मोठ्याकडं राहीन, थो म्हने मायले शेवटी मी पाहिलं. झालं, बोलनं बंद. थो गुंड पाहा, तिथं न्हानीजवळ उलटा पडला आहे, काळाठिक्कर. आता पानी प्लास्टिकच्या डरममंधी भरतो आमी. कोनाच्याच कामाचा नाही मेला, पन तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नाही. लग्नाकार्यात नाही, बाबासायबाच्या जयंतीत एका पंगतीत बसले त मंधात कोनी तरी तिसरा पाहिजे.

पन वर बोलाचे. हे पाहा, हसू नोका. बुद्धपौर्निमा झाली का हे एखांद्या सकाळी डोक्याले दुपट्टा बांधाचे, शिडी लावाचे, सरळ आड्यावर जाचे. अन् पहिला कवेलू उचलून दुसऱ्यावर टिचकावाचे — टक्, टक्. तुमाले मायती नसन, तुमी टिनवाले. असं वाजवून पाहा लागते. खनखन बोलला त पक्का, भद्द बोलला त भेगाळला. आता पारखासाठी खालच्या ओळीपासून सुरू केलं तरी चालते न? पन नाही, हे आड्यावरूनच सुरू कराचे, अन् जोरानं. त्या आवाजावर थो तिकडून शिडी लावाचा. कोनी कोनाले बोलावलं नाही, कोनी कोनाच्या दारात गेला नाही. आड्याले दोन्हीकडून मानूस लागते, एका बाजूनं रचला त दुसरीकडं पानी उतरते, म्हनून आला — असं म्हनाले मोकळे दोघंबी. अन् मंग दिवसभर वर चालू. सरक. दे. पाय पाहून ठेव. थो कवेलू फुटका आहे, दुसरा घे. बस्, एवढंच. मी खाली कवेलू देत राहाची अन् ऐकत राहाची. खाली उतरले का पुन्हा सालभर कुलूप.

फोन वाजून राहिला तुमचा. अश्विनचाच आहे न? सांगा, मोजून राहिलो. — सांगा न, काय बिघडते.

दिवाळीनंतर गेले हे. छातीत दुखते म्हनलं अन् गोंदियाले नेता नेता वाटेतच. ईश्वरदासनं खांदा देल्ला, घाटावर सारं केलं, रडला बी. घाटावरून आला अन् सरळ आपल्या दारानं आपल्या घरात गेला. वयनी म्हनून एक शब्द नाही. मले राग आला, भाऊ, लय राग आला. तुजा भाऊ गेला, मी त आहे न इथं? भिंतीच्या अलीकडं जितीजागती बसली आहो न? पन मीबी गेली नाही. मी काऊन जाऊ?

आता पौर्निमा होऊन गेली. रोहिन्या लागल्या, पानी तोंडावर आलं. रोज सकाळी मी अंगनात उभी राहून वर पाहतो. शामकला, माजी देरानी, ईश्वरदासची बायको, थे बोरिंगवर भेटते, आमचं बोलनं आहे चोरून. थे म्हने, बाई, हे रोज सकाळी च्या घेऊन बाडीत बसतेत अन् छताकडं कान लावतेत. मी म्हनलं, त चढत काऊन नाही? थे म्हने, मोठ्यानं सुरू कराचं असते न. — आता सांगा! मोठा कुठून आनू मी? मोठा गेला. इकडून कोनाचा आवाज येनार आहे? अन् बाईमानसानं छतावर जाचं, आड्यावर बसाचं, गाव काय म्हनन? म्हनून म्हनलं, येऊ दे टिन. तुमीच मघा सांगतलं, मंधात पत्र्याची पट्टी ठोकतो, मंग त्याचं पानी त्याचं, तुमचं पानी तुमचं. चांगलंच आहे. कोनाले कोनाची गरज नाही. अश्विन बी खुश. मलेच रातभर झोप नाही लागत त त्याले टिन काय करन अन् कवेलू काय करन.

कुठं चालले? अहो, नाही म्हनलं न मी — भाऊ, ठेवा थे शिडी! तुमी वर गेले का कवेलू वाजतीन, अन् थो समजन का — समजन का इकडून सुरू झालं. धावत येईन बिचारा. अन् वर पाहीन त तुमी बसले टेप घेऊन, त्याच्या भावाच्या जागेवर. नोका. पाया पडतो तुमच्या. तुमच्या हातचा आवाज तिकडं जाऊ नोका देऊ.

…

धरा. शिडी धरा म्हनलं. घट्ट धरा, अन् वर नोका पाहू, पदर खोचून राहिली मी. — मायती आहे न कुठं पाय ठेवाचा, एवढे साल खालून पाहिलं, कवेलूखालचे लाकडी फाटे कुठं आहेत सारं पाठ आहे. बोलू नोका तुमी. म्हनू द्या गावाले काय म्हनाचं थे. — आई गं, तापले किती. हात भाजते. — हा एक फुटला पायाखाली, फुटू दे. — आलीच. हा आडा. पाहा किती शेवाळ धरलं यानं, अन् चिमन्यायचं घर बी आहे. मी आतापर्यंत पलीकडं पाहिलंच नव्हतं कधी इथून. पाहाची बी नाही अजून. पहिले वाजवतो.

भद्द वाजला. ऐकलं तुमी? भद्दच वाजला. नेमका फुटकाच आला हातात, मेल्याले भेग आहे. एवढा आवाज कुठं जाते? भिंतीच्या पल्याड बी नाही गेला असन. थांबा, आनखी एकदा —

भाऊ. थो बसूनच आहे. शिडी लावून, डोक्याले दुपट्टा बांधून, खालच्या पायरीवर बसून आहे ईश्वरदास. कवेलू बी रचून ठेवले त्यानं बाजूले. कवापासून बसला कोन जाने. वर पाहून राहिला माज्याकडं. — चूप राहा जरा, काही तरी म्हनून राहिला.

काय म्हनलं, भाऊजी?

"थो फुटका आहे, वयनी. दुसरा घ्या."

…तुमाले नाही, भाऊ, तुमाले नाही बोलून राहिली. तुमी जा आता. अश्विनले मी सांगतो काय सांगाचं थे. शिडी राहू द्या. अन् जाताना फाटक लावून घ्या, बकऱ्या येतेत.