जड लागलेले पातेले

बेलग्रेडहून चाचाकला आलेल्या बसपाशी सामानासाठी रांग होती. त्या रांगेत रादोयका आणि तिचा नवरा उभे होते. बेलग्रेडमधल्या लेकाला ती दर आठवड्याला मुरवलेल्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेली सारमा ड्रायव्हरच्या हाती पाठवी आणि मागचे रिकामे पातेले परत घेई. आज ते जड लागले. तिने झाकण उघडून पाहिले आणि तिथूनच फोन लावला.

“स्लाविशा, ही सारमा कुणी केली? कोण आहे ती?”

“मीच केली, आई.”

“तू? चाळिशी आली तरी तुला अंडं उकडता येत नव्हतं!”

“स्वयंपाकघरातून तूच हाकलायचीस. आता शिकलो. यापुढे पातेलं पाठवू नकोस.”

“पानं गुंडाळलीस की गाद्या? आणि मीठ किती ते!”

“बाबा खातायत ना? आवाज येतोय.”

“तिसरी चाललीय. अरे, मी आज आणलेल्या पातेल्याचं काय करू?”

“घरी ने. दोन दिवस चुलीपाशी जाऊ नकोस. मावशी कधीची बोलावतेय, तिच्याकडे जा.”

“आणि यांना जेवायला कोण घालणार?”

नवऱ्याने बोटे चाटली. “तो पाठवेल की! बस रोज असते.”

रादोयकाने पातेल्यावर झाकण ठेवले.

“स्लाविशा, रविवारी ये. काही आणू नकोस. यांना पानं गुंडाळायला शिकव. मी मावशीकडे चालले.”

“मला?” नवरा दचकला.

“हो, तुम्हालाच. बोटं चाटता येतात, म्हणजे हात शाबूत आहेत.”